बेडकीबाईंच्या सर्व्हिसिंगची मोहीम आणि दातिवऱ्याचा तह

श्री दर्यादेव प्रसन्न. श्री चारी चाके प्रसन्न.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावणमास, प्रांत पालघर, तर्फ बोईसर-तारापूर येथील वर्तमान. दातिवरे बंदरी बेडकीबाई नामे गाडीचे जे युद्ध जाहले, त्याचे अनेक पाठ लोकी चालतात. केळव्यास चहाचे टपरीवर सांगतात की गाडी तरंगत तरंगत अर्नाळ्यास गेली. एडवणास सांगतात की गाडीस ट्रॅक्टरने ओढून काढले. बोईसरास सांगतात की सर्व पराक्रम एका मांजरीचा. पैकी शेवटले निम्मे खरे, पहिले समूळ लटके, आणि मधले सांगणारा ट्रॅक्टरवाल्या विनोदरावांचा सख्खा चुलतभाऊ आहे. सबब लटक्यास आळा पडावा आणि पुढे होणाऱ्या जावयांनी सावध व्हावे, म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले. लेखकास कोणाची भीड नाही. मांजरीची थोडी आहे, तिचे कारण यथाक्रमे येईल.

तर अखंडितपेट्रोल-अलंकृत राजमान्य राजश्री कैलासराव बाविस्कर, मूळ वतन खानदेश, जेथे पाणी विहिरीत असते आणि उन्हाळ्यात विहिरीतही नसते, हे नोकरीनिमित्त तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत येऊन रंगाच्या कारखान्यात पाळीचे मुख्य जाहले आणि बोईसरास बिऱ्हाड करोन राहिले. मग दातिवऱ्याचे भगवंत तांडेल यांची धाकटी कन्या वैभवीबाई यांशी सोयरीक जाहली. तांडेल म्हणजे होडीवरील मुख्य, दर्यात हुकूम त्याचा. भगवंतरावांचा हुकूम किनाऱ्यावरही चाले आणि घरात मात्र सासूबाई नर्मदाबाईंचा चाले, येणेप्रमाणे राज्याची वाटणी होती.

लग्नानंतर पहिलेच वर्षी तांडेलांनी नव्या जावयास मानाने होडीत घेतले, आणि होडी खाडीचे मुख ओलांडते न ओलांडते तोच कैलासरावांनी सकाळचे पोहे, मागाहून आदले दिवशीची आमटी, ऐसे जे जे पोटी होते ते ते दर्यास नजर केले, आणि परतेपर्यंत जाळ्यांच्या ढिगावर आडवे राहिले. तांडेल रागे भरले नाहीत. किनाऱ्यास उतरोन इतकेच म्हणाले, "जावय चांगला हाय. पन पाण्याचा नाय." हे वाक्य दातिवऱ्यात घरोघर गेले, तेथून एडवणास गेले, आणि कैलासरावांच्या काळजात जाऊन बसले ते बसलेच.

मग कैलासरावांनी मनाशी मसलत केली की पाण्यावर आपला निभाव लागत नाही, तर वाळूवर तरी लागावा. त्यावरून त्यांनी एक गाडी जुन्यात घेतली. लहान चणीची, उंच पायांची, रंग शेवाळी, चारी चाकांस एकदम जोर पोचणारी, डोंगर, चिखल आणि वाळू यांची पर्वा न करणारी. ती घेऊन स्वारी सासुरवाडीस दाखल जाहली तेव्हां नर्मदाबाईंनी औक्षण केले, आणि तांडेल गाडीभोवती एक फेरा घालोन, पत्र्यावर बोटाने टकटक करोन, वाकोन बूड पाहोन म्हणाले, "बेडकी हाय बेडकी." तेच नाव कायम जाहले. पुढे आपणही तेच लिहू, बाईपद आदराने जोडोन.

आता शत्रुपक्ष. तांडेलांची थोरली कन्या हंसाबाई एडवणास दिली, तिचे यजमान विनोदराव. यांजकडे ट्रॅक्टर. तांडेलांची होडी, जिचे नाव बायकोच्या नावावरून 'नर्मदा', ती ज्येष्ठात वाळूवर ओढून घेणे आणि नारळी पुनवेस पुन्हा पाण्याशी नेऊन ठेवणे, ही दोन्ही कामे विनोदरावांचे ट्रॅक्टराने होत. गतवर्षी पुनवेस विनोदराव उशिरा आले, ओहोटी निघून गेली, आणि गावच्या सर्व होड्या दर्यात असता एकटी नर्मदा वाळूवर बसून राहिली. इतके करोन विनोदराव काळा चष्मा पुसत म्हणाले, "ट्रॅक्टर हाय तवर होडी हाय, मामा." मग यंदा ज्येष्ठात होड्या वर घेतल्या, सर्व गाव किनाऱ्यास जमा होता, दोन्ही जावई हजर होते, तेव्हां तांडेलांनी हुकूम फर्मावला की पुनवेस नर्मदा पाण्याशी नेईल ती बेडकी, आणि नेईल तो धाकटा जावई, ट्रॅक्टराने एडवणासच राहावे. विनोदरावांनी चष्मा चढविला. कैलासरावांच्या हातातला नारळपाण्याचा नारळ पायावर पडला, पण वेदना जाणवली नाही, इतका आनंद जाहला. मागाहून जाणवली.

आणि मामला येथेच अडकला. काम फत्ते जाहले तर तांडेलांचा भर गावात दिलेला शब्द राहतो, आणि 'पाण्याचा नाय' हा डाग धुतला जातो. न जाहले तर सासऱ्याची मान खाली, आणि विनोदरावांचा काळा चष्मा जन्मभर पाहणे.

त्याच सुमारास कैलासराव सहकुटुंब चुलतबहिणीच्या लग्नास रेल्वेने खानदेशी गेले, आणि बेडकीबाईंस दातिवऱ्यास तांडेलांचे स्वाधीन करोन गेले. परत येतात तो तांडेल ओसरीत बसोन गालात हसत आहेत. म्हणाले, "जरा बघून ठेवलीय. आता दर्या अंगावर आला तरी भिऊ नका." कैलासरावांस वाटले आशीर्वाद आहे. त्यांनी वाकोन नमस्कार केला आणि बोईसरास कूच केले. सर्व अनर्थाचे मूळ या एका वाक्यात होते, परंतु भल्या माणसास आशीर्वादाची चौकशी करणे सुचत नाही.

मग आषाढ लागला, पावसाची झड बसली, आणि बेडकीबाईंच्या अंगी अद्भुत लक्षणे दिसू लागली. ब्रेक दाबावा तो पोटातून खळ्ळ करोन लाट पुढे जावी, आणि गाडी हलवावी तो तीच लाट मागे यावी. दार लावता दारातून डबक्याचा आवाज यावा. एसी लाविला की वैभवीबाईंचे पावलांवर गार पाणी उतरावे. आत एक वास कोंदला, जो सुक्या मासळीचा म्हणावा तर जुना आणि देवळातल्या धुपाचा म्हणावा तर खारट. दाराच्या फटीतून डास निघू लागले. आणि गाडी जेथे उभी करावी तेथे तालुक्यातील मांजरे मुजऱ्यास येऊन बसू लागली.

एके दिवशी बोईसराहून पालघरास जाता उमरोळीपाशी खड्ड्यांची रांग लागली, गाडी डोलू लागली, आतला दर्याही डोलू लागला, आणि कैलासरावांस घाम फुटोन त्यांनी गाडी कडेस घेतली, दार उघडले आणि डोके बाहेर काढिले. पुढील वर्णन आवश्यक नाही. वैभवीबाईंनी पाठीवर हात फिरविला, पाणी दिले, आणि नंतर न राहवून म्हणाल्या, "अहो, तुमाला जमिनीवर दर्या लागला?" कैलासरावांनी त्यांस तेथेच गळ्याशपथ घातली की हे वर्तमान माहेरी जाता कामा नये. त्यांनी शपथ घेतली, परंतु हसू आवरेना म्हणोन तोंड खिडकीकडे केले.

मग पहिली मोहीम पालघरावर. तेथे मोठे सर्व्हिस सेंटर, काचेचा दिवाणखाना, आत गार वारे, यंत्राचा चहा. दरवाज्यात तेजलबाई नामे अंमलदार हाती टॅबलेट घेऊन उभ्या. त्यांनी अत्यंत गोड शब्दांत गाडीची चावी काढून घेतली आणि कैलासरावांस सोफ्यावर नजरकैद केले. आत गाडीस संगणकाची नाडी लाविली, संगणकाने कौल दिला की इंजिनास काही विकार नाही, आणि खरोखरच इंजिनास काही विकार नव्हता. मग तेजलबाईंनी आज्ञा केली की वास येतो तर गाडी धुवावी. त्याप्रमाणे मोठ्या फवाऱ्याने गाडी बाहेरून धुतली, आतून धुतली, वास गेला नाही म्हणोन पुन्हा धुतली, आणि जितके पाणी मारिले तितके बेडकीबाईंनी मुकाट्याने पोटात साठविले. सायंकाळी चावी परत देत तेजलबाई म्हणाल्या, "सर, गाडी एकदम ओके आहे. स्मेलसाठी मोगऱ्याचं परफ्यूम लावलंय." कैलासराव गाडी घेऊन निघाले तो पोटातील लाट पूर्वीपेक्षा थोर, आणि वासात मोगरा मिळोन ऐसा काही तिसराच वास उत्पन्न जाहला की मांजरेही क्षणभर विचारात पडली. ही मोहीम सपशेल फसली.

दुसरी मोहीम बोईसरात, बाजारामागे, भावेश गॅरेजवाल्याकडे. हा मनाने दिलदार, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. निदान आधी सांगावे आणि गाडी मग पाहावी, ऐसा त्याचा शिरस्ता. कैलासरावांनी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "सायलेन्सर, साहेब. डोळे झाकून सांगतो." मग डोळे उघडून पाहिले तो सायलेन्सर धड. मग म्हणाला एसीचा गॅस. तोही धड. मग बॅटरीवर आरोप ठेविला, तीही निर्दोष सुटली. त्याच्या हाताखालचा परमुलखी कारागीर दाराशी नाक नेऊन म्हणाला, "साहब, गाड़ी में मछली पाली है क्या?" त्यावर सर्व गॅरेज हसले, आणि कैलासरावही रडवेले हसले.

इतक्यात भावेशाने पुढल्या चाकांखाली हात घातला तो कोपरापर्यंत तेलाने माखून बाहेर आला. तेव्हां प्रथमच त्याचे तोंड बंद जाहले. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, हे वेगळं आहे. पुढच्या ॲक्सलचं तेल सगळं सील फाडून बाहेर आलंय. असाच चारी चाकांवर जोर दिला तर आतले दात जातील. होडी ओढायचं नाव काढू नका." पुनव जवळ येऊन ठेपली होती. कैलासराव खुर्ची समजोन टायरवर बसले आणि टायरासकट मागे कलंडले. त्यांच्या डोळ्यांपुढे काळा चष्मा आला.

आता मांजरीचे प्रकरण. गॅरेजास लागून सुकटवालीचा गाळा होता, आणि तेथे एक तांबडी, कानफाटकी, मिजासखोर मांजरी नांदत होती. गाडी जॅकवर उचललेली, भावेश खाली उताणा पडोन, तोंड उघडे ठेवोन नवे निदान सांगत होता, तो ही मांजरी बुडाखाली शिरली, वर पाहिले, आणि पत्र्यातून डोकावणारे कसलेसे बोंड दातांत धरोन ओढले. बोंड निघाले आणि त्यामागोमाग कुजक्या पाण्याची धार सुटली ती नेमकी भावेशाच्या निदानात पडली. तो ओरडत बाहेर आला. मांजरी बोंड घेऊन भिंतीवर गेली. धार मात्र थांबेना, आणि सर्व मंडळी तोंडात बोटे घालोन पाहत राहिली की एका लहान गाडीत इतका दर्या मावला कैसा. येणेप्रमाणे जो दरवाजा संगणकास उघडला नाही आणि भावेशास दिसला नाही तो मांजरीने उघडला. लेखकाची भीड ती हीच.

मग दिवे लावून बूड तपासले तो काय पाहावे! दारांच्या तळाशी, चौकटीत, फरशीखाली, एसीच्या नळीत, पाणी निथळून जावे म्हणोन कारखान्याने जी जी भोके ठेविली होती ती ती कोणी कापसाची वात ठोकून, वर राळ ओतून, वर माशाचे तेल चोपडून बंद केली होती. ॲक्सलावरील एक बारीक नळीही बंद होती. भावेश म्हणाला, "साहेब, ही तर श्वास घ्यायची नळी. आतली हवा तापली की इथून बाहेर पडते. ही बंद केली म्हणून हवेनं सील फाडलं. एवढं बारीक काम करून गाडीचा गळा आवळणारा तुमचा दुश्मन कोण?"

कैलासरावांनी एक बोंड काढोन हातात घेतले, नाकाशी नेले, आणि त्यांस सर्व उमगले. हा वास त्यांनी पूर्वी जाळ्यांच्या ढिगावर आडवे पडोन तासन्‌तास घेतला होता. होडीच्या फळ्यांतील फटी ज्याने बुजवितात तोच हा कापूस, तीच राळ, तेच तेल. तांडेलांनी गाडीचे बूड पाहिले, त्यास भोके दिसली, आणि ज्याने उभा जन्म दर्यावर काढिला त्यास बुडाला भोके असलेले वाहन पाहवते कैसे? लेक आणि जावई यात बसोन फिरतात हे मनात येऊन त्याचे काळीज हलले असेल. होडी वर घेतलेली, हात रिकामे, मग त्याने चिखलात पाठ टेकून दिवसचे दिवस एकेक भोक आपल्या हाताने बुजविले, आणि कोणास बोलला नाही. कैलासरावांचे डोळे भरून आले. वास हे कारण अर्धेच होते.

घरी हे सांगितले तेव्हां वैभवीबाई प्रथम पोट धरून हसल्या, मग पदराने डोळे पुसले, आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या, "बाबांना यातलं काय पन सांगू नका. ते रागवायचे नाय. ते गप बसतील, आनि ते लय वाईट."

मग भावेशाने कंबर कसली. नवी सीले मुंबईहून मागविली, ती येईपर्यंत पुढला ॲक्सल खोलोन धुतला, श्वासाची नळी मोकळी केली, सर्व भोके उघडली, दारे वाळविली, डासांस हद्दपार केले, आणि पुनव तोंडावर आली असता सीले दाखल जाहली ती बसवोन, नवे तेल भरोन, चारी चाकांचा जोर गॅरेजामागच्या चिखलात पारखून घेतला. बेडकीबाई चिखलातून ऐशा निघाल्या की कारागिराने शिटी मारली. कापसाची बोंडे कचऱ्यात टाकावयाची होती, ती कैलासरावांस टाकवेनात. त्यांनी ती रुमालात बांधोन समोरच्या कप्प्यात ठेविली. तांबड्या मांजरीस बोंबिलाची खिलत दिली.

मग मोठ्या दिमाखाने कूच जाहले. पालघर मागे टाकिले, माकुणसारावरून केळवे गाठले, एडवणात विनोदरावांच्या दारावरून जाता हॉर्न तीनदा वाजविला, यास पराक्रमापेक्षा पोरकटपणा म्हणणे योग्य, आणि स्वारी दातिवऱ्यास मुक्कामी आली. तांडेलांनी ओसरीतूनच विचारिले, "बूड कोरडं हाय ना?" कैलासराव म्हणाले, "एकदम कोरडं, मामा." हे अक्षरशः खरे होते, तरी त्यांस जेवण गोड लागले नाही.

पुनवेचा दिवस उजाडला. ओहोटी खोल गेली होती, वाळू दूरवर उघडी पडली होती, होड्या पताका लावून सजल्या होत्या, बायका नव्या लुगड्यांत नारळ घेऊन उभ्या होत्या. बेत ऐसा की ओहोटीत होडी पाण्याच्या कडेस नेऊन ठेवावी आणि भरतीने ती आपोआप उचलावी. नर्मदेखाली ओंडके मांडले, दोर गाडीच्या हुकास बांधला, आणि विनोदरावही न बोलावता ट्रॅक्टर घेऊन किनाऱ्यास येऊन उभे राहिले, केवळ पाहावयास म्हणोन.

तांडेलांनी हात वर केला. कैलासरावांनी दांडी ओढून चारी चाकांस जोर दिला, आणि बेडकीबाई गुरगुरल्या, वाळू उडाली, दोर ताठ जाहला, आणि नर्मदा हलली. सर्व गाव ओरडला. ओंडक्यामागून ओंडका घालीत, इकडून हाका, तिकडून टाळ्या, ऐसे करीत होडी पाण्याच्या कडेस पोचली. नर्मदाबाई पुटपुटत हात जोडून उभ्या होत्या. तांडेलांनी विनोदरावांकडे पाहिले नाही, पण पाहिले नाही हे सर्वांस दिसेल ऐसे पाहिले नाही. काम फत्ते जाहले होते. येथेच बखर संपती, परंतु कैलासरावांस गाडी वळवून सलामी देण्याची हौस आली.

वळताना पुढली चाके वाळू सोडोन खाडीच्या मऊ गाळात गेली. कैलासरावांनी जोर दिला तो मागलीही गेली. अधिक जोर दिला तो बेडकीबाई पोटावर बसल्या. आणि ओहोटी संपोन भरती लागली होती.

विनोदराव ट्रॅक्टरवरून म्हणाले, "बांधू का दोर, मामा?" तांडेलांनी छाती पुढे काढली आणि भर गावात खणखणीत बोलले, "तुजा दोर तुजपाशी ठेव. तिच्या बुडाचं एकूनएक भोक म्या बुजवलंय, या हातांनी. भरती येऊंदे. होडीसारखी उचलेल ती."

पाणी पाहता पाहता चाकांशी आले. न बोलावे तर गाडी बुडते, आणि तिजबरोबर सासऱ्याचा शब्द पुन्हा भर गावात बुडतो. बोलावे तर म्हाताऱ्याने मायेने केलेले काम आपण उपटून टाकिले हे सर्वांसमक्ष कबूल करणे येते. वैभवीबाई दुरून मान हलवून 'नको' म्हणत होत्या. तरी कैलासराव दार उघडून पाण्यात उतरले, कप्प्यातला रुमाल काढिला, आणि तांडेलांपुढे उलगडून धरला.

"मामा, भोकं उघडी आहेत. मीच उघडली."

तांडेल बोंडांकडे पाहत राहिले. वैभवीबाई म्हणाल्या होत्या ते गप्प बसणे ते हेच, आणि ते खरोखरच फार वाईट होते. कैलासरावांस ते सोसेना, आणि शपथ दुसऱ्यास घातली होती, स्वतः घेतली नव्हती, म्हणोन तोंडातून सर्व बाहेर पडले, "मामा, पावसाचं पाणी आत शिरलं, त्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. गाडीत लाटा उठायला लागल्या. मला उमरोळीला गाडीत बसून दर्या लागला हो!"

"काय लागला?"

"दर्या. ओकलो मी. रस्त्यावर."

मग बायकांच्या घोळक्यातून नर्मदाबाईंचे हसू फुटले, मागोमाग सर्व किनारा फुटला, विनोदराव तर ट्रॅक्टरवरून पडता पडता वाचले. तांडेल हसले नाहीत. त्यांनी कपाळावर हात मारिला, तो जावयाच्या नव्हे, आपल्याच.

"आरं तिच्या! पानी आत आलं तर जायला वाट नको? होडीला पन बूच ठेवतात, वर घेतली की काढतात, पावसाचं पानी जातं. पोरं बी जानतात. मीच बुजवत सुटलो. म्हातारा झालो नं काय."

इतके बोलोन त्यांनी रुमाल हिसकून घेतला, पाण्यात बसले, मग उताणे पडले, आणि हाताने गाळ उपसत गाडीखाली दिसेनासे जाहले. कैलासरावही दुसऱ्या बाजूने उताणे पडोन खाली शिरले. लाट अंगावरून गेली, नाकातोंडात खारे पाणी गेले. खालून आवाज येत, "हे?" "हे नको मामा, ती श्वासाची नळी!" "बरं, मग ह्ये?" "हां, हे ठोका!" ऐसे करोन सासरा-जावयांनी मिळोन भोके बंद केली, आणि दोघे चिखलाने माखून बाहेर आले.

मग भरती चढली, पाणी बुडाखाली शिरले, आणि बेडकीबाई किंचित डुलल्या. तरंगल्या ऐसे कोणी म्हणतील तर लेखक म्हणत नाही, परंतु अंग हलके जाहले हे खरे. तांडेलांनी होडीस घालतात तशी आरोळी घातली, सर्व गाव कमरेइतक्या पाण्यात उतरला, बायका नारळ वाळूत ठेवून आल्या, आणि विनोदरावांनी चष्मा काढून खिशात ठेविला, ट्रॅक्टर सोडला आणि मागून खांदा लाविला. "हैसा!" म्हणता गाडी हलली, दुसऱ्या आरोळीस चारी चाकांनी ठाव धरिला, आणि बेडकीबाई पाणी उडवीत कोरड्या वाळूवर येऊन उभ्या राहिल्या. त्याच घटकेस मागे नर्मदाही भरतीने उचलोन झुलू लागली. दोहींस एकदम आरोळी पडली. मग दर्यास नारळ वाहिला, आणि नर्मदाबाईंच्या हुकुमाने एक बेडकीबाईंच्या चाकासमोर फोडिला.

त्यानंतर तह जाहला, त्यातील कलमे येणेप्रमाणे. भरतीच्या रेषेच्या वर गाडीवर अंमल कैलासरावांचा, तेथे भोके उघडी राहावी. रेषेच्या खाली अंमल तांडेलांचा, तेथे भोके बंद राहावी. श्वासाच्या नळीस उभयतांनी हात लावू नये. उमरोळीचे वर्तमान सासुरवाडीत कोणी काढू नये. हे कलम दुसरे दिवशीच सर्वांनी मोडिले.

दुसरे दिवशी तांडेलांनी ओसरीत बसोन बाभळीच्या लाकडाची बुचे तासली, भोकागणिक वेगळे, प्रत्येकास दोरी. मग जावयास होडीत बसवून खाडीच्या मुखापर्यंत एक फेरी केली. तेथे काय जाहले हे लिहू नये ऐसी कैलासरावांची आज्ञा आहे, सबब लिहिले नाही. किनाऱ्यास उतरता विनोदरावांनी खोडसाळपणे विचारिले, "काय मामा, जावय पाण्याचा झाला का?" तांडेल विचार करोन म्हणाले, "गाडी पाण्याची झाली. जावयाचं पुढल्या साली बघू."

निघतेवेळी तांडेल पुन्हा गाडीखाली उताणे जाहले, एकेक बूच काढीत गेले आणि जावयाच्या ओंजळीत ठेवीत गेले. शेवटचे मात्र आपल्या बंडीच्या खिशात टाकिले. कैलासराव म्हणाले, "मामा, एक राहिलं." तांडेल उठोन, पाठीची वाळू झाडीत, लेकीकडे न पाहता म्हणाले, "ते र्‍हाऊंदे माझ्यापाशी. त्याबिगर पाण्यात जाता यायचं नाय तुमाला. म्हंजी ते न्यायला तरी याल."

वैभवीबाईंनी पुन्हा तोंड खिडकीकडे केले. या खेपेस हसू नव्हते.

येणेप्रमाणे नारळी पुनवेस नर्मदा होडी दर्यात गेली, बेडकीबाई दुरुस्त होऊन फत्ते पावल्या, ॲक्सलाचे तेल जागेवर राहिले, विनोदरावांचा चष्मा सात दिवस चढला नाही, बोईसरच्या तांबड्या मांजरीस गॅरेजात कायमचा मुक्काम मिळाला, आणि तहाच्या खात्रीसाठी एक बूच दातिवऱ्यास ओलीस राहिले. ते सोडविण्यास कैलासराव दर महिन्यास जातात आणि न सोडविता परत येतात. येथे लेखणी थांबली.